थांब म्हणजे स्वल्पविराम

१

आमच्या घरात ‘थांब’ म्हणजे स्वल्पविराम. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मी आणि माझा धाकटा भाऊ एकतीस वर्षं प्रुफं तपासतो आहोत. तो लेखकाची मूळ प्रत मोठ्याने वाचतो, मी छापखान्यातून आलेल्या प्रुफावर बोट ठेवून ऐकते आणि फरक दिसला की समासात खूण करते. वाचायचं ते विरामचिन्हांसकट. ‘स्वल्पविराम’ आणि ‘पूर्णविराम’ दिवसभर म्हणत बसलं की जबडा दुखायला लागतो, म्हणून पहिल्याच वर्षी त्याने सुटसुटीत शब्द शोधून काढले. स्वल्पविरामाला ‘थांब’, पूर्णविरामाला ‘पुरे’, नव्या परिच्छेदाला ‘खाली’. ‘पुरे’ ऐकलं की मी ‘हं’ म्हणायचं. ‘हं’ म्हणजे मिळालं, पुढे वाच. मला खूण करायला वेळ हवा असेल तर मात्र तोंडातून अक्षर काढायचं नाही, पेन्सिल टेबलावर दोनदा आपटायची. मी ‘थांब’ म्हटलं तर तो थांबणार का स्वल्पविराम शोधत बसणार, हा घोळ पहिल्या आठवड्यातच घालून झाला होता.

भावाला मी छोट्या म्हणते. छोट्या चोपन्न वर्षांचा आहे. लग्न केलं नाही, आणि कुणी विचारलं तर प्रुफं संपली की करेन म्हणतो. माझे यजमान गेल्यावर मी याच घरात मागच्या खोलीत राहायला आले.

पुढच्या खोलीत आमचं टेबल. उजवीकडे खिडकी, डावीकडे कोरी पांढरी भिंत. छोट्या उंच पाठीच्या खुर्चीत बसतो. मूळ प्रतीचा स्टँड त्याच्या डाव्या हाताला, त्यावर ओळीखाली धरायची स्टीलची पट्टी. मी त्याच्या उजवीकडे, जरा पुढे सरकून. सकाळी खिडकीतून ऊन आलं की दोघांच्या सावल्या त्या भिंतीवर पडतात. माझा अंबाडा आणि त्याचं नाक. नाक मुळातच मोठं आहे, भिंतीवर तर ते पानाचा समास ओलांडून जातं. हा माझा विनोद तो एकतीस वर्षं ऐकून घेतो आहे.

ऐकणाऱ्याने प्रुफावरून डोळे उचलायचे नाहीत हा कामाचा पहिला नियम. डोळा उचलला की ओळ सुटते. तेव्हा शेजारी बसून मी त्याला जितकं ऐकलं आहे, तितकं पाहिलेलं नाही.

२

पाण्याच्या पंपांच्या देखभालीवर एक जाडजूड पुस्तक आलं होतं. झडपा, नळ्या, दाब, गळती. सहाशे पानं. त्याचं सातवं प्रकरण परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी छापखान्याच्या मॅनेजरांचा फोन आला.

“बाई, एक विचारू का? राग मानू नका. एका ओळीत तुम्ही तीन स्वल्पविराम घालायला सांगितलेत.”

“असतील वाक्यात तीन.”

“वाक्यात नाही हो. एकाच जागी. ओळीने तीन.”

मी ते पान परत मागवलं. ‘झडप पूर्ण बंद करण्यापूर्वी दाब तपासावा.’ ‘करण्यापूर्वी’च्या पुढे माझ्या पेन्सिलीची खूण, समासात माझ्या अक्षरातले तीन स्वल्पविराम. कुणी खोडसाळपणे घातले म्हणावं तर माझ्या स्वल्पविरामाची शेपटी मला ओळखू येते. आणि मला ते आठवतही होतं. छोट्याने ‘करण्यापूर्वी’ म्हटलं होतं आणि मग, जरा खालच्या आवाजात, थांब, थांब, थांब. मी तीन दिले. ऐकलं ते लिहायचं, डोकं चालवायचं नाही, हा कामाचा दुसरा नियम.

मूळ प्रतीत त्या जागी एकही नव्हता.

“काय रे, झोपेत वाचत होतास का?” मी विचारलं.

“तू झोपेत ऐकलं असशील. साठी आली.”

“साठी माझी आली आणि चष्म्याचा नंबर तुझा वाढला.”

तो हसला. पण हसताना त्याने मानेवर हात ठेवला होता. गेले काही महिने तो वाचता वाचता मध्येच गप्प व्हायचा. मी समजायचे पाणी पितोय, आणि ओळीवर बोट ठेवून वाट बघायचे. पाण्याचा तांब्या संध्याकाळी भरलेला का असतो, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

३

त्यानंतर चार-पाच दिवसांनी पट्टी खाली पडली.

सकाळचे अकरा वाजले असतील. तो वाचत होता, ‘नळीवर बाहेरून दाब आल्यास.’ मग थांब. पुन्हा थांब. मी मोजून चार खुणा केल्या आणि तेवढ्यात लादीवर पट्टी आपटली. मी डोळे उचलले.

छोट्याचं डोकं छातीवर पडलं होतं. हात लोंबत होते, ओठ पांढरे झाले होते. मी त्याचा चेहरा धरला, हाका मारल्या. सात-आठ सेकंद गेले असतील. मग त्याने डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाला, “पट्टी कुठे गेली?”

“तू कुठे गेला होतास?”

“मी? मी इथेच आहे की.”

आपण गेलो होतो हेच त्याला ठाऊक नव्हतं.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण आणि चटपटीत होत्या. त्यांनी त्याला टेबलावर झोपवून मानेच्या नळ्यांत रंग सोडला, आणि मान हळूहळू डावीकडे वळवायला सांगितली. मी काचेपलीकडून बघत होते. पडद्यावर नदीच्या नकाशासारख्या काळ्या रेघा होत्या. मान पूर्ण वळली आणि त्यातली एक रेघ मध्येच पुसली गेली. काचेच्या आत छोट्याचा हात टेबलावरून घसरला. त्यांनी लगेच त्याची मान सरळ केली, रेघ परत आली, आणि तोही परत आला.

“मानेतल्या हाडाचा एक कोपरा वाढलाय,” त्या म्हणाल्या. “मान जास्त डावीकडे वळली की तो नळीवर दाबला जातो. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त कमी पडतं आणि माणूस बंद होतो. मग डोकं पुढे पडतं, नळी सुटते, माणूस चालू. पाण्याच्या पाइपावर पाय पडतो ना, तसं.”

“पंपांच्या पुस्तकात आहे हे,” छोट्या म्हणाला.

“मग पुढचंही असेल. दर वेळी पाय उचलला जाईलच असं नाही. ऑपरेशन करून घ्या. दोन मणके एकमेकांना जोडून टाकू, मान तिकडे वळणारच नाही. आणि तोपर्यंत डावीकडे बघायचं नाही. काय हवंय ते सगळं उजवीकडे ठेवा.”

निघताना मी एकटीच परत आत गेले आणि विचारलं, “अशा वेळी त्याला बोलता येईल का? एखादा शब्द?”

“बोलणं सोडा. हुं करता येणार नाही. का हो?”

“काही नाही,” मी म्हटलं.

४

त्याच दुपारी आम्ही स्टँड उजवीकडे आणला, त्याच्या आणि माझ्या मध्ये. डावीकडे आता नुसती भिंत राहिली. लादीवर स्टँडच्या पायांचे चार डाग होते, ते मी घासून काढायचा प्रयत्न केला. निघाले नाहीत.

छोट्या आतल्या खोलीत पडला असताना मी पंपांच्या पुस्तकाची सगळी जुनी प्रुफं काढली आणि मूळ प्रतीशी ताडून पाहायला बसले. पहिला जादा स्वल्पविराम दुसऱ्या प्रकरणात सापडला. एकच. एक होता म्हणून छापखान्याने निमूटपणे घालून टाकला होता. चौथ्या प्रकरणात दोन ठिकाणी जोडीने. मग तीन. मग चार.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही, अवतरणचिन्हांवर आहे. कोण काय म्हणालं ते त्यांच्यात बंद करून ठेवलं की गोंधळ होत नाही. म्हणून मी नीट विचार केला. बेशुद्धीत त्याला बोलता येत नाही. म्हणजे तो आधी बोलत असणार. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली की माणूस शेजारच्याला काय म्हणेल? थांब म्हणेल. ताई, थांब, मला काहीतरी होतंय. एकदा म्हणाला, मी ऐकलं नाही. मग दोनदा म्हणाला, मग तीनदा. आणि मी शेजारी बसून, मान खाली घालून, सुबक शेपटीचे स्वल्पविराम काढत होते.

हे समजल्यावर मला तिथेच रडू आलं. लहानपणी रस्ता ओलांडताना ज्याचा हात मी सोडत नसे, तो इतक्या वेळा हाक मारत होता आणि मी समासात खुणा करत होते. बराच वेळ मी पदर तोंडावर धरून बसले होते.

रडून झाल्यावर एक गोष्ट राहिलीच. स्टँड उजवीकडे होता. आता त्याला डावीकडे वळायचं कारणच नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी, दहाव्या प्रकरणाच्या तिसऱ्या पानावर, मी पाच वेळा ‘थांब’ ऐकलं. या वेळी मी पेन्सिल टाकली आणि त्याला धरलं. त्याचं डोकं तेव्हा नुकतंच पुढे पडत होतं, आणि ते डावीकडे वळलेलं होतं.

५

दुपारी चहा घेऊन मी त्याच्यापुढे बसले. मनातलं बोलून टाकायचं ठरवलं होतं.

“छोट्या, माझं चुकलं. तू थांब थांब म्हणत होतास आणि मी स्वल्पविराम देत बसले.”

त्याने कप खाली ठेवला. “मी कुठे म्हणालो?”

“अरे, चक्कर यायच्या आधी. आज सकाळीसुद्धा. पाच वेळा.”

“ताई, ते तू म्हणतेस.”

मी बशीतला चहा परत कपात ओतला.

“तूच म्हणतेस,” तो म्हणाला, “आणि मी तुला बोलणारच होतो. एवढी वर्षं टकटक करतेस आणि आता मध्येच तोंडाने थांब थांब करायला लागलीस. म्हणून तर मी वळतो. काय हवंय तिला म्हणून बघायला वळतो, आणि मग काही आठवत नाही.”

“मी तुझ्या उजवीकडे बसते रे.”

“ते माहीत आहे मला. पण आवाज डावीकडून येतो. जरा मागून. मला वाटायचं, प्रुफं ठेवायला उठली असशील.”

फोनवर लोक आमच्या आवाजाची गल्लत करतात. मी ‘हॅलो’ म्हटलं की ‘भाऊसाहेब’ म्हणतात, त्याने उचलला की ‘बाई’. त्याला तो आवाज माझा वाटला आणि मला त्याचा, यात नवल काही नव्हतं. नवल एवढंच होतं की आम्ही दोघंही गप्प होतो.

म्हणजे तो वळतो, मग अंधारी येते, मग ‘थांब’ म्हणतो, हा माझा क्रम उलटा होता. आधी ‘थांब’ येत होतं, आणि ते ऐकून तो वळत होता.

छोट्या माझ्याकडे बघत होता. तोही माझ्यासारखाच प्रुफं तपासणारा. एखादं अक्षर जागेवर नसलं की त्याला आधी वास येतो.

“तूच म्हणतेस ना?” त्याने विचारलं. “कारण तू नसशील, तर हे मानेचं दुखणं नाही. मग मी मान कापून घ्यायला जाणार नाही. मग मला आधी हे कळलं पाहिजे की तिकडे कोण आहे.”

आणि ते कळायला तो वळून बघणार, हे मला लख्ख दिसलं. रोज बघणार. एके दिवशी त्याची नळी सुटणार नाही, आणि मी पट्टी उचलून ठेवत राहीन.

आयुष्यात मी प्रुफावर जाणूनबुजून कधी खोटी खूण केलेली नाही. भावाच्या तोंडावर मात्र केली.

“मीच म्हणते,” मी म्हटलं. “हातात पेन्सिल असते, टकटक करायच्या आधी तोंडातून निघून जातं. आणि खोली रिकामी आहे, आवाज भिंतीवर आपटून तिकडून येतो. मला आपलं वाटलं, तूही म्हणतोस.”

त्याने लांब श्वास सोडला. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं.

“वाटलंच मला,” तो म्हणाला. “साठी आली. आता मेहेरबानी करून टकटकच करत जा.”

“करीन.”

“आणि बाईंना फोन कर. ऑपरेशन कधी ते विचार.”

६

ऑपरेशनला तीन आठवडे होते. छापखान्याला मुदत वाढवून मागितली आणि त्या तीन आठवड्यांत मी त्याला एक ओळ वाचू दिली नाही. तो उजवीकडे तोंड करून रेडिओ ऐकत बसायचा. त्या दिवसांत काही ऐकू आलं नाही. ऐकायला मी पुढच्या खोलीत बसतही नव्हते.

मात्र एका दुपारी, तो रक्त तपासायला गेला असताना, मी रबर घेऊन बसले आणि सगळ्या प्रुफांवरचे जादा स्वल्पविराम खोडून टाकले. त्याच्या नजरेला पडायला नकोत म्हणून. पण पेन्सिलीचा दाब माझा नेहमीच जास्त, कागद तिरका धरला की खळगे दिसत होते. ते बोटाने चोळून चोळून मी थकले.

ऑपरेशनच्या दिवशी चार तास बाकावर बसले. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला, दोन मणक्यांमध्ये चार स्क्रू. “आता कुणी कितीही हाका मारल्या तरी मान वळायची नाही,” त्या म्हणाल्या. त्यांनी सहज म्हटलं होतं. मी त्यांचे हात धरले आणि सोडायला मला जरा वेळ लागला.

७

दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा टेबलाशी बसलो.

छोट्याचा रंग सुधारला होता. एकदाही चक्कर आली नव्हती. मान ताठ, बघायचं तर सगळं अंग वळवायला लागायचं, आणि उंच पाठीच्या त्या खुर्चीत तेही जमत नसे. “आता मी राजा,” तो म्हणाला. “ज्याला भेटायचं असेल त्याने समोर यावं.” मी हसले. त्या सकाळी मी खरंच आनंदात होते. पेन्सिलीला टोक करताना गुणगुणत होते म्हणे, त्यानेच सांगितलं.

पंपांच्या पुस्तकाचं दहावं आणि शेवटचं प्रकरण, पुन्हा सुरुवातीपासून. स्टँड आता त्याच्या अगदी समोर, खिडकीत ऊन. त्याने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. वाक्य, पुरे, हं. वाक्य, पुरे, हं. एकतीस वर्षांचा तो ताल परत लागला आणि मला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या पानावर तो म्हणाला, “पंप बंद ठेवण्याचा कालावधी.”

“थांब.”

स्वच्छ ऐकू आलं. माझी पेन्सिल खूण करायला निघाली होती, ती मी धरून ठेवली. आणि कामाचा पहिला नियम मोडून डोळे उचलले.

छोट्याचे ओठ मिटलेले होते. तो समोर बघत होता, पण बुबुळं डाव्या कोपऱ्याला गेली होती आणि मानेच्या शिरा ताणल्या होत्या. मान वळली नाही.

“ताई,” तो वैतागून म्हणाला, “परत तोंडाने? टकटक कर म्हटलं होतं ना.”

“चुकलं,” मी म्हटलं. “सवय रे.”

“थांब,” पुन्हा आलं, माझा शब्द पुरा व्हायच्या आत.

मग मी त्याच्या पलीकडे बघितलं. माझी मान ठणठणीत आहे, मला बघता येतं.

डावीकडे कुणी होतं असं मी म्हणणार नाही. दिसलं तेवढंच सांगते. लादीवर स्टँडचे चार डाग होते. भिंतीवर ऊन होतं, उन्हात आमच्या सावल्या होत्या. माझा अंबाडा होता. त्याच्या शेजारी खुर्चीची उंच पाठ, आणि पाठीवर छोट्याच्या डोक्याची सावली. त्या सावलीला नाक नव्हतं. डोकं नुसतं वाटोळं होतं. छोट्या माझ्याशेजारी ताठ समोर बघत बसला होता, आणि भिंतीवर मान वळलेली होती. भिंतीकडे वळली होती का आमच्याकडे, ते सावलीवरून कळत नाही.

ती आमच्याकडे वळली आहे असं का वाटलं, ते मला सांगता येणार नाही.

छोट्याचा श्वास जवळून ऐकू येत होता. त्याने वाक्य अर्धंच सोडलं होतं. माझ्या खुणेची वाट बघत असावा.

“पुरे,” भिंतीकडून आलं. आवाज थकलेला होता, जवळजवळ मायेचा.

“हं,” मी म्हटलं.

तोंडातून निघून गेल्यावर मला कळलं. ‘पुरे’ ऐकलं की ‘हं’, एकतीस वर्षं. मिळालं, पुढे वाच. मी डोळे प्रुफावर आणले आणि बोट ओळीवर ठेवलं. अक्षरं दिसत नव्हती. भावाकडे बघायची माझी हिंमत नव्हती, आणि त्याला माझ्याकडे वळता येत नव्हतं.

त्याने स्टँडवरची पट्टी काढून मांडीवर ठेवली. मग त्याने समोरच बघत, अगदी हळू विचारलं,

“ताई, ‘पुरे’ तू म्हणालीस. मग ‘हं’ कुणाला म्हणालीस?”